पौषातले पाच दिवस खानदेशात

दिवस पहिला : नाशिक ते जळगाव

नाशिकरोडला गाडीत बसले तेव्हा खिडकीच्या काचेवर दव साचून पाणी ओघळत होतं. गळ्याला मफलर, पर्समध्ये खडीसाखर आणि ज्येष्ठमध. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, थंडीत घसा जपा.

हा प्रवास घशापासूनच सुरू झाला, म्हणून आधी तेच सांगते. एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून. निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं तेव्हा स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर काही आठवडे पूर्ण मौन. पाटी-पेन्सिल घेऊन घरात वावरायचे. आवाज परत आला तो खाली बसलेला, घोगरा. त्याचं मला दुःख नाही. दुःख वेगळंच होतं.

लग्न झाल्यापासून रोज तिन्हीसांजेला मी हरिपाठ म्हणत आले. सासूबाईंनी लावलेली सवय. मौनाच्या पहिल्याच संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, डोळे मिटले आणि वाट पाहिली, की तोंड बंद असलं तरी आत काहीतरी सुरू होईल. काहीच झालं नाही. डोक्यात दुधाचा हिशोब आला, कुकरच्या शिट्ट्या आल्या. एवढी वर्षं म्हटलेलं नाम गळ्यापर्यंतच होतं की काय? हा प्रश्न आत रुतला तो रुतलाच. आवाज आल्यावरसुद्धा मी पुन्हा हरिपाठ म्हणायला बसले नाही. दिवा लावायचा, हात जोडायचे आणि उठायचं. दीड वर्षं असंच चाललं.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. जळगावला असते. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "वहिनी, इकडे या. कपाशी वेचायची राह्यली आहे थोडी. वांगीबी आली आहेत."

मनमाड, नांदगाव, चाळीसगाव. चाळीसगाव सोडलं की माती काळी होत जाते आणि पाचोऱ्याच्या पुढे केळीच्या बागा दिसू लागतात. घडांवर निळसर पिशव्या चढवलेल्या होत्या. खानदेशचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण हिवाळा तितकाच कडक. पारा घसरला की केळीची पानं करपतात, मग शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, कडेनं शेकोट्या करून धूर धरतात. पहाटेचा तो धूर अजून रुळांच्या बाजूनं रेंगाळत होता.

संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर शेजारच्या चार बायका जमल्या. टाळ आले. अक्का बहात्तरची आहे, पण आवाज अजून खणखणीत. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' तिनं इतक्या वरच्या पट्टीत उचललं की माझा घसा नुसत्या ऐकण्यानंच आखडला. 'हरि मुखे म्हणा, हरि मुखे म्हणा.' मुखे! माउलींनी दोनदा बजावलंय. मी मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहिले. अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही.

दिवस दुसरा : आसोदा

जळगावहून आसोदा अगदी जवळ, पाचेक किलोमीटर. बहिणाबाई चौधरींचं माहेर. अक्काच्या दिराचं शेत त्याच शिवारात आहे. सकाळी सातला पोचलो तेव्हा धुई इतकी दाट होती की बांधावरची बाभूळ तेवढी दिसत होती, शेत नाही.

पहिल्यांदा हरभरा लागला. अक्कानं चपला काढायला लावल्या. पोटऱ्यांना ओली पानं घासली आणि बारीक चुणचुण सुटली. हरभऱ्यावरचं दहिवर आंबट असतं, त्याला आंब म्हणतात. जुन्या बायका रात्री पिकावर पांढरं फडकं पसरून ती धरत, पोटदुखीवर द्यायला. मी एक पान जिभेवर ठेवलं. आंबट, खारट, थंडगार. पुस्तकातलं 'दवबिंदू' आणि हे यांत केवढा फरक! शिकवताना मी दवबिंदूला नेहमी मोत्याची उपमा लिहून दिली, कारण परीक्षेत तीच लागायची.

त्यापलीकडे दादर. इकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. पाऊस संपल्यावर पेरायची, काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. डोक्याच्या वर ताटं, कणसं नुकती भरू लागलेली. आम्ही दोघी मधून निघालो तेव्हा वारा सुटला आणि सगळं शेत एका बाजूनं सळसळत आलं, कुणी पानं बाजूला सारत चालत यावं तसं. अक्का पुढे होती. मान न वळवता म्हणाली,

"तुझ्या पायाची चाहूल लागे पानापानांमधी
देवा तुझं येनंजानं वारा सांगे कानामधी"

हे मी किती वर्गांना शिकवलं असेल. 'कवयित्रीला निसर्गात ईश्वराचे अस्तित्व जाणवते,' ही मध्यवर्ती कल्पना फळ्यावर लिहून खाली रेघ ओढायची. वाक्य चुकीचं नाही. पण बहिणाबाईंनी कल्पना केलेलीच नाही, हे त्या दादरीत उभं राहिल्यावर कळलं. पान वाजलं, माणूस थबकलं, कान दिला, एवढंच घडलं आहे. अक्षरओळख नसलेली बाई, तिला फळा ठाऊक नाही. तिनं ऐकलं ते सांगितलं.

कपाशीत पोचेपर्यंत ऊन वर आलं. शेवटची वेचणी होती. झाडं अर्धी वाळलेली, पानं तांबूस, आणि त्यांत पांढरी बोंडं. मजूर बायकांनी कमरेला ओट्या बांधल्या होत्या. मलाही एक बांधून दिली. कापूस वेचणं पाहायला सोपं. बोंड उललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून काट्यासारखी टणक होतात. बोटं वरून घातली तर नखाच्या मुळाशी टोचतात. पाचही बोटं एकदम, आतपर्यंत, आणि एका हिसक्यात सगळा कापूस बाहेर. रेंगाळलात तर पालापाचोळा चिकटून येतो आणि भाव पडतो. दहा मिनिटांत माझ्या दोन बोटांतून रक्त आलं.

मग एक बोंड असं हाताला लागलं की ते उघडलेलं होतं, पण आत फुललेलं काही नव्हतं. पिवळट, घट्ट, चिकटलेली गुठळी. मी ते तसंच हातात धरून उभी राहिले.

"बिना कपाशीनं उले त्याले बोंड म्हनूं नहीं
हरी नामाईना बोले त्याले तोंड म्हनूं नहीं"

मुलांना फार आवडायची ही कविता, तालावर टाळ्या वाजवत म्हणायची. मला त्या घटकेला मात्र टाळी आठवली नाही. माझी तीस वर्षं मला त्या बोंडात दिसली. उघडलं रोज, तिन्हीसांजेला, वेळेवर. आत काय होतं?

शेजारच्या सरीतली बाई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मला बोंड ओळखता येत नाहीये. "कवडी आहे ती," ती म्हणाली. "अळी लागली की आसं व्हतं." गुलाबी बोंडअळी. ती बोंडात शिरते ती लहान असतानाच, भोक बुजून जातं, आणि उलेपर्यंत बाहेरून कळत नाही. मी टाकायला गेले तर तिनं हात धरला. माझ्या हातून बोंड घेतलं, अंगठ्यानं दाबून कप्पे सुटे केले. चार कप्पे होते. तीन खराब. चौथ्यातून तिनं नखानं कापसाचा एक पांढराशुभ्र पुंजका काढला, फुंकर मारून फुलवला आणि माझ्या ओटीत टाकला. "सारं बोंड नही टाकत बाई," एवढं बोलून ती पुढच्या झाडाला लागली.

दुपारभर मी वेचत राहिले. तो पुंजका मात्र ओटीतून काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, ज्येष्ठमधाच्या पुडीशेजारी.

दिवस तिसरा : जुनं जळगाव, भादली

अंग आंबून गेलं होतं. उशिरा उठले. अक्काच्या परसात जुनं घरोट आहे, म्हणजे आपलं जातं. आता त्याच्यावर तुळशीची कुंडी असते. ती उतरवून अक्कानं मूठभर उडीद-ज्वारी घातली आणि मला समोर बसवलं. कळण्याच्या भाकरीचं पीठ चक्कीतून आणलेलं घरात होतंच, तरी. दगडाला एक घुमारा असतो. पहिल्या दोन फेऱ्या जड, मग तो आपणच तुम्हाला ओढू लागतो. आणि ओठांतून काहीतरी निघू पाहतं, कारण दोन्ही हात आणि श्वास एका लयीत सापडलेले असतात.

"अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटीं"

पोटातून ओठी. घशाचा उल्लेखच नाही. मी ही ओळ म्हटली नाही, ऐकली. अक्का म्हणत होती. पण दगडाबरोबर माझं डोकं हलत होतं आणि ते मी थांबवलं नाही.

दुपारी जुन्या जळगावात चौधरी वाड्याकडे गेलो. बहिणाबाई लग्न होऊन तेराव्या वर्षी इथं आल्या, तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, तीन लेकरं वाढवली, शेत राखलं आणि ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. त्या दळताना, वेचताना म्हणत आणि मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तसं कागदावर उतरवून ठेवलं. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती वही भीतभीत आचार्य अत्रे यांना दाखवली. हे बावनकशी सोनं आहे, ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं गुन्हा आहे, असं अत्रे म्हणाले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. अत्र्यांचं कौतुक सगळे करतात, करावंच. मला त्या गल्लीत उभं राहून आठवण येत होती ती न उतरवलेल्या गाण्यांची. मुलगा घरी नसताना, एकटीच शेतात असताना म्हटलेली असतील ती. कुणी ऐकली नाहीत, कुठे राहिली नाहीत. म्हणून ती कमी म्हटली गेली का?

येताना भादलीला थांबलो. भुसावळच्या वाटेवरचं लहानसं स्टेशन. ५ मे १९१८ ला इथं रेल्वेखाली बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस. धरणगावात जन्मलेला हा त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली होती. फलाटाच्या टोकाला एक लिंब होता, त्याच्या सावलीत आम्ही बसलो. मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली. गाडी गेल्यावर जो सन्नाटा पडला त्यात मला औदुंबर आठवला, पाय टाकून जळात बसलेला. त्या कवितेत देवाचं नाव नाही, भक्ती नाही. तरी ती म्हटल्यावर मन असं बसतं, की याला प्रार्थना म्हणायला माझी हरकत नाही.

रात्री भरीत. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवट पांढरी वांगी भाजली, सोलली, लाकडी भांड्यात ठेचली, वर मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. जाळाभोवती चौदा माणसं. ज्या कपाशीनं काल बोटं फोडली तिच्याच काटक्यांची ऊब. पोटभर जेवून मी नऊलाच झोपले.

दिवस चौथा : कोथळी, मेहूण

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. शेजारी कोथळीला मुक्ताईचं जुनं मंदिर. आषाढीसाठी इथून पालखी निघते आणि महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. पौषात मात्र गर्दी नाही. दुपारच्या उन्हात सभामंडपाच्या फरशीवर दोन म्हाताऱ्या तीळ निवडत होत्या, संक्रांत तोंडावर आलेली.

मेहूणला तापीचा काठ. १२९७ साली याच भागात वीज कडाडली आणि अठरा वर्षांची मुक्ताई लुप्त झाली, असं परंपरा सांगते. निवृत्तिनाथ बरोबर होते. एका वर्षाच्या आत तीन भावंडांना निरोप दिलेला तो भाऊ एकटा या नदीकाठी किती वेळ उभा राहिला असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. अभ्यासक्रमात ज्ञानेश्वर असतात, मुक्ताई असते, निवृत्तिनाथ एका ओळीत आटोपतात.

मंदिरात कुणी नव्हतं. मी मोबाइलवर ताटीचे अभंग काढले आणि मनात वाचू लागले. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसले आहेत. बाहेर धाकटी बहीण उभी आहे. ती दार ठोठावत नाही, भांडत नाही. 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा. विश्व रागे झाले वन्ही, संत सुखे व्हावे पाणी.' आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी तेच, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. एवढ्या मोठ्या योग्याला आतल्या आत काय कमी होतं? त्याच्या आत तर सगळं होतं. तरी ती म्हणते, उघडा. आत असणं पुरत नाही तिला.

मी दीड वर्ष उलट बाजूनं अडले होते. आत नाही, म्हणून उघडायचं नाही.

अक्का गाभाऱ्यातून आली, माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले. "काहून रडता वहिनी?" मी म्हटलं, "अक्का, मला हरिपाठ येत नाही हो. नुसता पाठ आहे." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. मग खांबाला टेकून बसली आणि जे बोलली ते मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "आमचे हे गेले तव्हा चार महिने माझ्याबी आत काही नव्हतं. टाळ वाजवायची, तोंड हलवायची. बाया सोबत व्हत्या म्हनून. मंग एक दिवस भांडी घासता घासता आपसूक आलं." जरा थांबून म्हणाली, "तोंड बंद केलं आसतं तर येनार कुठून?"

त्या रात्री आम्ही भक्तनिवासात राहिलो. दोन गोधड्या अंगावर घेऊनही पाय गार पडले होते. बाहेर कुत्री भुंकत होती आणि लांबवर कुणाच्या तरी शेतात मोटर चालू होती.

दिवस पाचवा : चांगदेव

पहाटे साडेपाचला रिक्षा. चांगदेव गावाजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात. चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर तिथंच. आळंदीला ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे ते हेच. मायना काय लिहावा, वयानं लहान म्हणून आशीर्वाद की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना म्हणून कागद कोराच गेला. चौदाशे वर्षं जगून चांगदेव कोराच राहिला, असं मुक्ताई म्हणाली. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं. काही लिहिलेलं नसतानाही उत्तर आलं, हे मला या प्रवासात पहिल्यांदा लक्षात आलं.

संगमाखाली हतनूरचं धरण आहे, त्यामुळे इथं पाणी पसरून असतं आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून पक्षी उतरतात. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. पाण्यातून वाफ निघत होती आणि ती धुक्यात मिसळत होती. थंडीनं दात वाजत होते. मग त्या पांढऱ्या पडद्याआडून एक आवाज आला. नाकातून काढल्यासारखा, लांबवलेला, आर्त. थोड्या वेळानं पलीकडच्या काठानं तसाच दुसरा.

चक्रवाक. केशरी-तांबूस रंगाची ती बदकं पुढे उजाडल्यावर दिसली, पण ओळखलं मी आवाजावरूनच, कारण ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात तो ऐकला होता. रात्री नदीच्या दोन काठांना अडकलेलं चक्रवाकांचं जोडपं एकमेकांना हाका मारतं, सूर्य उगवला की भेटतं, हा जुना कविसंकेत. माउलींनी गुरुरूपी सूर्याला वंदन करताना तो असा काही वापरला आहे की एक अक्षर इकडचं तिकडे करता येणार नाही. 'भेदनदीच्या दोहीं थडीं, आरडाते विरहवेडीं, बुद्धिबोधु.' एका काठाला बुद्धी, एका काठाला बोध. एकतीस वर्षं माझी बुद्धी या काठावर बसून अर्थ सांगत राहिली.

पण ओवीतले दोघे आरडतात, ही गोष्ट माझ्याकडून नेहमी सुटली होती. काळोखात, समोर कोणी आहे की नाही हे दिसत नसताना, भेट व्हायच्या आधी. सूर्य यायच्या आधीची ती हाक आहे. पुन्हा एक आवाज अलीकडून गेला. पलीकडून आला.

पूर्णेच्या बाजूनं धुकं गुलाबी होऊ लागलं. मी मफलर सोडला. थंड हवा घशाला लागली तेव्हा वाटलं, आवाज फुटणार नाही. पर्समध्ये खडीसाखर शोधताना बोटांना कापसाचा तो पुंजका लागला. तो मुठीत धरला आणि म्हटलं,

"देवाचिये द्वारी उभा क्षणभरी..."

'क्षणभरी'वर आवाज चिरकला. मी थांबले, आवंढा गिळला आणि पट्टी आणखी खाली घेतली, जिथं माझा घसा आता राहतो तिथं. "तेणें मुक्ती चारी साधियेल्या." अक्का शेजारी डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, ती आपल्या नेहमीच्या खणखणीत सुरात पुढचं चरण उचलेल आणि मी पुन्हा ऐकत बसेन.

तिनं उचललं. तिच्या आवाजात नाही, माझ्या पट्टीत. बहात्तर वर्षांचा तो उंच गळा खाली उतरवायला तिला कष्ट पडत होते, ऐकू येत होते. हरि मुखे म्हणा, हरि मुखे म्हणा. पाण्यावरून पलीकडच्या काठाला चक्रवाक पुन्हा ओरडले, आणि आम्ही दुसरा अभंग धरला.